जादा फोन

माझ्या धाकट्या दिरांना त्यांच्या कंपनीत कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे त्यांना ‘जोडणीवाले’ म्हणतात. म्हणजे म्हणत. आता काय म्हणतात, ते मी विचारत नाही.

त्यांची कंपनी औषधांची. मोठमोठ्या थंड खोल्यांमध्ये औषधं ठेवायची आणि छोट्या गाड्यांतून दुकानांना, दवाखान्यांना पोचवायची. हल्ली हा सगळा कारभार फोनवर चालतो. कुठली पेटी कुठं द्यायची, कुणाची सही घ्यायची, ड्रायव्हरला सगळं त्याच्या फोनवर दिसतं. पण त्यासाठी तो फोन आधी कंपनीच्या नेटवर्कला जोडावा लागतो, आणि ते काम भावोजींकडे होतं. दारातून आत गेलं की डाव्या हाताला एक काचेची खिडकी, तिच्यामागे त्यांचं टेबल. नवा माणूस कामावर आला की आधी त्या खिडकीशी उभा राहायचा आणि आपला फोन आत सरकवायचा. तो फोन सोडताना सगळ्यांची बोटं जरा रेंगाळायची, असं भावोजी सांगायचे.

जेवताना ते तिथल्या गमती सांगत. एक मिशीवाले ड्रायव्हर होते, जुने, सगळ्यांचे लाडके. त्यांनी पहिल्याच दिवशी खिडकीत डोकं घालून विचारलेलं, “साहेब, हे तुमचं घातलं की आमचे फोटो तुम्हाला दिसणार?”

“तुमचे फोटो बघायचे तर मला पगार वाढवून मागावा लागेल.”

“आणि बायकोला केलेले मेसेज?”

“करता का?”

मागची अख्खी रांग हसली. मग भावोजींनी नीट समजावून सांगितलं. ते प्रत्येकालाच सांगायचे, अगदी न कंटाळता. “तुमच्या फोनमध्ये कंपनीचा एक कप्पा होतो. तुमचा कप्पा वेगळा. मधे भिंत. भिंतीच्या पलीकडं मला डोकावता येत नाही, मॅडमनाही येत नाही.” मॅडम म्हणजे त्यांच्या साहेब. आणि हे खरंच होतं. लोकांचा त्या बोलण्यावर विश्वास होता, कारण माणूसच तसा होता. चाळिशी उलटली तरी लग्न केलं नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. संध्याकाळी घरी आला की आप्पांच्या शेजारी बसायचा.

आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांचं आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर गेलं. लाईनमन होते. खांदे अजून तसेच रुंद आहेत, उजव्या हाताची पकड अजून तशीच. मुलाचं काम मात्र त्यांना कधीच पटलं नाही.

“जोडतोस म्हणजे काय करतोस?” ते विचारायचे.

“फोन नेटवर्कला जोडतो, आप्पा.”

“वायर कुठंय?”

“वायर नसते.”

“मग तुटली तर कळणार कसं कुठं तुटली?”

भावोजी नुसते हसायचे.

सासूबाई गेल्या आणि आप्पांचं विसरणं सुरू झालं. सुरुवातीला चष्मा, किल्ली, जेवलो की नाही. मग रस्ते. संध्याकाळी बागेपर्यंत फेरी मारायची त्यांची जुनी सवय. एकदा फळवाला त्यांना हाताला धरून घरी घेऊन आला. पुन्हा एकदा ते भलत्याच इमारतीच्या जिन्यात बसलेले सापडले. त्या दिवशी आमच्याकडं जोराचं वाजलं.

“बाहेरून कडी लावायची. विषय संपला,” हे म्हणाले. ‘हे’ म्हणजे आमचे. गिरणीत पाळीवर काम करतात, घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नाही, मग बोलणंही तसंच तुटक.

“माणूस आहे तो, दादा,” भावोजी म्हणाले. “सायकल नाही कडी-कुलपात ठेवायला.”

“मग तू बस घरी.”

“बसलो असतो. पण मग खायचं काय?”

आप्पा पलीकडच्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. थोड्या वेळानं ते बाहेर आले आणि चपला घालून दाराशी उभे राहिले. म्हणाले, “मी येतो जरा जाऊन.”

तेव्हा भावोजींनी आपला जुना फोन आप्पांना दिला. तो कुठं आहे ते आपल्या फोनवर दिसावं, अशी सोय त्यांनी केली. पण आप्पांचा हात गप्प बसणारा नव्हता. दिसेल ते बटण दाबून बघायचे. कधी नेट बंद, कधी आवाज बंद, कधी अख्खा फोनच बंद. ज्या दिवशी गरज पडली, नेमका त्याच दिवशी फोन मुका.

मग एके दिवशी भावोजी माझ्याकडं स्वयंपाकघरात आले. मी कणीक मळत होते. ते आवाज खाली करून म्हणाले, “वहिनी, आप्पांचा फोन मी कंपनीला जोडलाय.”

“कंपनीला? ते कशाला?”

“कंपनीचा स्वतःचा जो फोन असतो, त्यावर ही बटणंच दाबता येत नाहीत. नेट बंद होत नाही, काही बंद होत नाही. फोन कुठं आहे ते मला टेबलावर बसल्या बसल्या दिसतं. गोदामात काही जादा फोन असतात, कुणाचा बिघडला तर द्यायला. त्यातलाच एक म्हणून दाखवलाय.”

“आणि कळलं तर?”

“खुर्ची जाईल.” त्यांनी माझ्या परातीकडं बघितलं, माझ्याकडं नाही. “पण कडीपेक्षा बरं.”

मी कुणाला बोलले नाही. यांनासुद्धा नाही.

आणि खरं सांगते, त्यानंतरचे दिवस चांगले गेले. आप्पांच्या फोनवर एकच चित्र ठेवलं होतं, घराचं. त्यावर बोट ठेवलं की माझा फोन वाजायचा. कुलूप नाही, आकडे नाहीत, काही नाही. आप्पांना ते इतकं आवडलं की बाहेर पडण्याआधी रोज तपासून बघायचे. बाहेरच्या खोलीतून फोन लावायचे आणि मी आत फोडणीसमोर.

“हॅलो. ऐकू येतंय का?”

“येतंय, आप्पा.”

“खरखर नाही ना?”

“अजिबात नाही.”

“मग लाईन ठीक आहे. ठेवा.”

मग ते फिरायला जायचे. तिकडं कंपनीत नकाशावर सगळ्या गाड्यांचे ठिपके पळत असायचे, त्यात आप्पांचाही एक ठिपका, सगळ्यात सावकाश. भावोजींचा मला फोन यायचा, “बागेतून निघालेत. चहा टाका.” मी चहा टाकायची आणि चहा गाळेपर्यंत आप्पा दारात. हे दार उघडं राहणं त्या एका ठिपक्यावर टांगलेलं होतं. ते मला माहीत होतं, भावोजींना माहीत होतं. आप्पांना माहीत नव्हतं, आणि तेच बरं होतं.

मग कंपनीच्या एका ड्रायव्हरचा फोन बाजारात खिशातून गेला. फोन गेला म्हणजे त्यातली गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, कोण कसलं औषध घेतो, सगळंच गेलं. दोन दवाखान्यांनी काम काढून घेण्याची धमकी दिली. मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी थेट भावोजींच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“आपल्या नेटवर्कवरच्या प्रत्येक फोनला सहा आकड्यांचं कुलूप. आठ वेळा आकडे चुकले की फोन आपोआप पुसला गेला पाहिजे. आजच.”

“ड्रायव्हर ओरडतील, मॅडम.”

“ओरडू देत.”

आणि ते ओरडलेच. कुणी म्हणालं आम्हाला लक्षात राहत नाही, कुणी म्हणालं गाडी चालवू की आकडे दाबू. भावोजी प्रत्येकाला खिडकीशी बोलावून सांगत होते, बाबांनो, फोन नवे आकडे मागेल, नीट विचार करून द्या, विसरू नका, आठ वेळा चुकलात तर सगळं जाईल. मिशीवाल्यांना तर त्यांनी गाडीचाच नंबर ठेवायला लावला. दुपारपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. मग त्यांनी संगणकावर ‘सर्व फोन’ असं निवडलं आणि बटण दाबलं.

जादा फोन कपाटात बंद पडलेले असतात, त्यांची काळजी कुणी करत नाही. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात जादा फोन म्हणजे कपाट, एवढंच होतं. इतके दिवस तो शब्द मॅडमसमोर सहज उच्चारायची सवय केलेली, ती सवय नेमकी तिथं नडली. ज्याला सांगायला हवं होतं असा एकच माणूस राहिला, आणि तो आमच्या बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसला होता.

मी कपडे घड्या करत होते. आप्पा फोनवर काहीतरी दाबत होते. एक एक बोट, अगदी मन लावून.

“काय करताय, आप्पा?”

“नंबर मागतोय.”

“कोण?”

“एक्स्चेंज. नवी लाईन देताना मागतात. दिला.” आणि परत दाबायला लागले. “दोनदा मागतात. खात्री करून घेतात. पद्धत आहे ती.”

ते इतके खुशीत होते की मलाही हसू आलं. मी म्हटलं, “बरं झालं दिलात ते.”

संध्याकाळी ते चपला घालून निघाले. त्या दिवशी त्यांनी लाईन तपासली नाही. मला वाटलं, विसरले असतील. विसरणारा माणूस एखादी गोष्ट विसरला, तर त्यात काय लक्षात घ्यायचं?

रस्त्यावरचे दिवे लागले. भावोजींचा फोन आला नाही, आप्पाही आले नाहीत. मी आप्पांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग भावोजींना लावला.

“आप्पा आले नाहीत अजून. फोन लागत नाही.”

“बंद कसा असेल? तो बंद करताच येत नाही.” टक टक आवाज आला, ते संगणकावर शोधत होते. मग तो आवाज थांबला. मला वाटलं, फोन तुटला.

“वहिनी,” ते म्हणाले, “दुपारी आप्पांनी फोनवर काही केलं का?”

“नंबर मागत होता म्हणाले. दोनदा दिला.”

ते फक्त “निघालो” म्हणाले. मॅडमना जाता जाता वडील हरवलेत एवढं सांगितलं आणि ते पळाले.

आम्ही दोघांनी शोधायला सुरुवात केली. बाग बघितली, फळवाल्याला विचारलं, तो मागचा जिना बघितला. भावोजी पुढं, मी मागं धावत. चालता चालताच त्यांनी मला सगळं सांगितलं. ठिपका शेवटचा बस स्टँडच्या मागं दिसला होता. तिथंच फोन पुसला गेला. येताना ते आधी तिथंच बघून आले होते, पण आप्पा तिथून पुढं कुठंतरी गेलेले.

“मी पुसला, वहिनी. माझ्या हातानं.”

“तुम्ही कुठं? तो तर आपोआप—”

“आपोआप काही नसतं. कुणीतरी बटण दाबलेलं असतं.” त्यांना धाप लागली होती. “रस्ता चुकल्यावर ते घराचं चित्र शोधत असतील. चित्राच्या जागी आकडे. मग हा आकडा नाही तर तो, तो नाही तर आणखी कुठला. आणि ते थांबणारे नाहीत हो. लाईन लागत नाही तोवर खांबावरून उतरायचे नाहीत, पाऊस असू दे, काही असू दे.”

पोलीस चौकीत गेलो. तिथला हवालदार चहा पीत होता.

“म्हाताऱ्यांकडं फोन आहे का?”

“आहे.”

“मग लावा की.”

भावोजींनी खिशातून स्वतःचा फोन काढला आणि तसाच परत ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. मीच पुढं होऊन वर्णन सांगितलं. पांढरा शर्ट, रुंद खांदे, खिशात पक्कड. हो, पक्कड अजून बाळगतात.

तिकडं काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. कंपनीचा फोन पुसला गेला की तो नव्यासारखा कोरा होतो, मग त्यावर बाहेरून फोनही लागत नाही, पण कोरा झाला तरी मालक विसरत नाही. चोराला वापरता येऊ नये म्हणून पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं की हा फोन अमुक कंपनीचा आहे, सापडल्यास या क्रमांकावर कळवा. तो क्रमांक भावोजींच्या टेबलाचा. हा मजकूरही त्यांनीच घातलेला.

आम्ही रस्त्यानं वेड्यासारखे फिरत होतो, तेव्हा त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर फोन वाजत होता. बराच वेळ वाजला. शेवटी मॅडमनी येऊन उचलला.

पलीकडं झेरॉक्सचा दुकानदार. “तुमच्या कंपनीचा फोन घेऊन एक आजोबा आमच्या पायरीवर बसलेत.”

“चोर आहे का?”

“चोर कसला, बाई! इथला टेलिफोनचा डबा कुणी काढला म्हणून माझ्यावरच ओरडतायत. म्हणतात, लाईन दुरुस्त केल्याशिवाय उठणार नाही.”

मॅडमनी मिशीवाल्यांना गाडी घेऊन पाठवलं. आप्पा गाडीत बसायला तयार नव्हते. मिशीवाल्यांनी डोकं चालवलं. म्हणाले, “आजोबा, तुम्हाला दुसऱ्या खांबावर बोलावलंय.” लगेच उठले.

आम्हाला निरोप आला तो मॅडमचा. आम्ही कंपनीच्या गेटवर पोचलो, तर आप्पा वॉचमनच्या खुर्चीत पाणी पीत बसलेले. भावोजी धावत गेले आणि त्यांच्या पायाशी खालीच बसले, गुडघे धरून.

“अरे, तू?” आप्पा म्हणाले. “ड्यूटी संपली नाही तुझी?”

आप्पांनी मॅडमकडं बघितलं. “हा माझा मुलगा. इथं लाईनवर आहे. काम बरं करतो ना?”

“करतात,” मॅडम म्हणाल्या. मग हातातला कोरा फोन त्यांनी भावोजींसमोर धरला. “हा फोन आपला आहे. हे तुमचे वडील आहेत. दोन्ही एकत्र कसे आले, ते उद्या येऊन सांगा. आत्ता यांना घरी न्या.”

रिक्षात भावोजींनी हळूच विचारलं, “आप्पा, फोनला कुठला नंबर दिला होता तुम्ही?”

“आपल्या घराचा. मी स्वतः ओढली होती ती लाईन. तुझी आई दारात उभी होती.”

“मग सांगा ना तो.”

आप्पांनी तोंड उघडलं. तसेच बसून राहिले. मग बाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी मॅडमना सगळं सांगितलं, काही न लपवता. मॅडमनी विचारलं, “मला सांगितलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं?”

“म्हटलं असतं, मॅडम.”

त्यांनी थोडा विचार केला. “हो,” म्हणाल्या. “म्हटलं असतं.”

कामावरून काढलं नाही, एवढं त्यांनी केलं. पण खिडकी गेली. भावोजी आता मागच्या बाजूला रिकामे खोके मोजून लावतात, आणि त्यांचा स्वतःचा फोनसुद्धा आता दुसरं कुणीतरी जोडून देतं. बाई वाईट नाहीत. सगळ्यांचे फोन ज्याच्या हातात, त्यानं लपून एक जरी भलता फोन जोडला, तर त्याला त्या खुर्चीत ठेवणार कसं? मी त्यांच्या जागी असते, तर मीही हेच केलं असतं. आणि तरीही मला त्यांचा राग येतो.

खोक्यांचं भावोजींना काही वाटलं नाही. त्यांना मोडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्या आठवड्यात मिशीवाले त्यांना जिन्यात भेटले. आधी आप्पांची चौकशी केली, नीट, मनापासून. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “साहेब, एक विचारू? म्हणजे आम्ही कुठं जातो, कुठं थांबतो, तेपण बघत होता का तुम्ही?”

“नाही हो. कामाच्या वेळेत गाडी दिसते, ती तर सगळ्यांनाच माहीत आहे. बाकी काही नाही. मी सांगितलं होतं ना तुम्हाला, मधे भिंत आहे.”

“हो, सांगितलं होतं,” मिशीवाले म्हणाले. “पण त्या भिंतीला तुमच्यापुरतं दार होतं म्हणायचं.” आणि जिना उतरून गेले.

हे भावोजींनी मला जेवताना सांगितलं. ताट तसंच होतं. “वहिनी, मी कधी कुणाचं काही बघितलं नाही. पण आता हे कसं सिद्ध करू?” मी वाढलेलं परत भांड्यात काढलं.

आप्पांसाठी दुसरा साधा फोन आणला, बिनकुलपाचा, तसंच घराचं चित्र घालून. त्यांनी हातात घेतला, कानाशी धरला आणि परत दिला. “याच्यावर लाईन नाही,” म्हणाले. खिशात घातला तर काढून ठेवतात. कितीदा समजावलं. आम्ही हात टेकले.

मग यांनी काही न बोलता बाजारातून कडी आणून टेबलावर ठेवली. भावोजींनी ती दोन दिवस तिथंच पडू दिली. तिसऱ्या दिवशी, सुटीच्या सकाळी, ते स्वतःच ड्रिल घेऊन उठले. आतल्या बाजूनं, दाराच्या अगदी वर, आप्पांची नजर सहसा जात नाही अशा जागी त्यांनी खडूनं खूण केली.

ड्रिलचा आवाज ऐकून आप्पा बाहेर आले. मला वाटलं, आता विचारतील. मी काय उत्तर द्यायचं ते शोधायला लागले. त्यांनी वर बघितलं, खाली पडलेले स्क्रू बघितले, वाकून एकेक उचलले आणि तळहातावर घेऊन मुलाच्या शेजारी उभे राहिले. त्यानं हात मागं केला की ते एक स्क्रू देत होते. न मागता, बरोबर वेळेवर.

शेवटचा स्क्रू भावोजींच्या हातून तिरका गेला. आप्पांनी खिशातली पक्कड काढली.

“सरक,” ते म्हणाले. “असा सोडू नकोस. अर्धवट बसला, तर परत यावं लागतं.”

त्यांनी तो स्क्रू काढला, सरळ केला आणि स्वतःच्या हातानं घट्ट बसवला. मग कडी लावून बघितली, ओढून बघितली. हलली नाही.

“आता ठीक आहे,” आप्पा म्हणाले, आणि चपला शोधायला आत गेले.